डाव्या सीटचं वजन

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो, तेव्हाची ही गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. त्यातली आतली खोली मी बंदच ठेवत असे, कारण एका माणसाला दोन खोल्यांचं करायचं काय? हंगाम सुरू झाला की प्रयोगशाळेत तीन पाळ्या चालायच्या. रसाचे नमुने यायचे, मी ते तपासून आकडे लिहायचो, पाळी संपली की खोलीवर येऊन झोपायचो. बाकीचे बहुतेक लोक कुटुंबासह राहणारे. संध्याकाळी त्यांच्या घरांतून फोडण्यांचे वास येत आणि मी मेसच्या दिशेने चालू लागे.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील, म्हणजे आमचे नाना, पारनेरला एकटे राहत. हायस्कुलात गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. आई असताना आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेल्यावर आमच्यात पोस्टकार्डं उरली. प्रकृती ठीक आहे, पैसे पोचले, पाऊस नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात नगरच्या छावणीतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याने आपली जुनी विलायती गाडी विकायला काढली. दोनच माणसांची, कापडी टपाची, फिक्या हिरव्या रंगाची. बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. ती मी का घेतली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गाडी असली की माणसं येतील, कुणी म्हणेल चला जाऊ कुठंतरी, असं काहीतरी डोक्यात असावं. पहिला आठवडाभर कॉलनीतले लोक खरंच बघायला आले. बॉनेट उघडून दाखवा म्हणाले. मग सगळ्यांची बघून झाली. एका रविवारी मी एकटाच भंडारदऱ्यापर्यंत गेलो, धरणाच्या भिंतीजवळ पाव-केळी खाल्ली आणि परत आलो. दिवसभरात पेट्रोल पंपावरच्या माणसाशी काय बोललो असेन तेवढंच.

दिवाळीत मी वडिलांना आणायला पारनेरला गेलो. तोवर ते माझ्याकडे कधी आले नव्हते. एस.टी.नं यायचं तर दोन ठिकाणी गाडी बदलावी लागे, आणि त्यांचे गुडघे धरलेले. गल्लीत शिरताना गाडीचं पोट एका दगडाला घासलं आणि सायलेन्सरचा पाइप वाकला. वडील पिशवी घेऊन दारात तयार उभे होते. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत डोकावून पाहिलं, एक पाय आत घातला आणि टपाला धरून बसायचा प्रयत्न केला. सीट खूपच खाली होती. अर्ध्यावर त्यांचा गुडघा अडला. मी त्यांना काखेत धरून वर घेतलं. गल्लीतली दोन-तीन माणसं बघत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "पुन्हा कधीतरी."

एस.टी.नं जाऊ म्हटलं तर नको म्हणाले. मी दोन दिवस तिथंच राहिलो आणि एकटा परतलो.

नगरला स्टेशन रस्त्यावर एक मेकॅनिक होता. आधी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता, त्यामुळे अशा गाड्यांवर त्याचा हात बसलेला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. पाइप सरळ करून झाल्यावर मी त्याला विचारलं, ही गाडी थोडी उंच करता येईल का.

त्याने बसून खालून पाहिलं. "मागचे स्प्रिंगचे पाटे बसल्यात. दुसरी जुनी जोडी बघतो, लोहाराकडून बाक देऊन आनतो. पुढं पाटे न्हाईत. पुढं ही दांडी हाय."

त्याने मला वाकून पाहायला लावलं. पुढच्या प्रत्येक चाकामागून एक लांब पोलादी दांडी गाडीच्या पोटाखालून मागे गेली होती. चाक वरखाली झालं की ती पिळली जायची, आणि त्या पिळावरच गाडीचा पुढचा भार तोलला होता. दांडीच्या मागच्या टोकाला एक बोल्ट होता. तो आवळला की पीळ वाढतो आणि गाडी उचलली जाते.

"किती उचलेल?"

"दीड इंच. त्याच्यावर मी न्हाई करनार. चाकं तिरपी पडत्यात, टायर एका बाजूनं खलास." मग तो उठला आणि हात पुसत म्हणाला, "बसनार किती मान्सं, ते सांगा आदी. वजन बघूनच उंची बसवावी लागती."

"दोन."

"दुसऱ्याचं वजन किती?"

मला ते माहीत नव्हतं. वडील सडपातळ होते, एवढंच सांगता आलं. तो म्हणाला, अंदाजे धरून चालतं, पण खरा आकडा असला तर बरं. घरी येऊन मी पोस्टकार्ड लिहिलं: आपलं वजन कळवावं. चार ओळींचं कार्ड लिहायला मला अर्धा तास लागला. आठवड्याने उत्तर आलं. 'त्रेपन्न किलो दोनशे ग्रॅम. आडत्याच्या काट्यावर, चपला काढून. कारण कळवावे.'

डिसेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी मी गाडी घेऊन नगरला गेलो. लोहाराने दुसऱ्या जोडीच्या पाट्यांना बाक दिला होता, ते मेकॅनिकने आदल्या दिवशी आणून ठेवले होते. सकाळी ते बसवून झाले. मग त्याने एका पोत्यात वाळू भरली, काट्यावर घातली, दोन ओंजळी काढल्या, एक परत टाकली आणि ते पोतं डाव्या सीटवर नीट टेकवून ठेवलं. मला म्हणाला, "तुमी तुमच्या जागी बसा."

मी स्टिअरिंगमागे बसलो. त्याने टेप घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजलं आणि भिंतीवर खडूनं लिहिलं. मग मला उतरवलं, जॅक लावला, बोल्टला दोन फेरे दिले, जॅक काढला. आम्ही दोघांनी गाडी पुढेमागे ढकलली, मडगार्डवर हात दाबून तिला झोके दिले, म्हणजे ती आपल्या जागी बसेल. पुन्हा मी आत, पुन्हा टेप. उजवीकडे पाव इंच कमी आलं. पुन्हा जॅक. असं किती वेळा झालं ते आता आठवत नाही. मधल्या वेळात तो आत पाना शोधायला गेला की मी त्या पोत्याशेजारी गप्प बसून असे. पोतं थोडं माझ्याकडे कललं होतं. एकदा मी ते सरळ केलं.

तीनच्या सुमाराला चारही आकडे जुळले. तो म्हणाला, "दोघं बसलात तर सरळ चालंल. एकट्यानं चालवली तर डावी बाजू उचललेली दिसंल. तेवढं हुनारच."

जानेवारीत मी पुन्हा पारनेरला गेलो. गल्लीतला तो दगड या वेळी घासला नाही. सीटवर मी एक घडी केलेली गोधडी ठेवली होती. वडिलांनी आधी सीटकडे पाठ करून बूड टेकवलं, मग दोन्ही पाय हातांनी उचलून आत घेतले. बसल्यावर म्हणाले, "माझी वर्गातली खुर्ची याहून उंच होती." तरी ते खूश दिसले.

सुपे गाव मागे पडलं. मग त्यांनी विचारलं, "वजन कशाला मागितलं होतंस?"

मी सगळं सांगितलं. दांडी, पीळ, वाळूचं पोतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. दांडीची जाडी किती, बोल्टच्या एका फेऱ्याला किती उचलते, असं विचारत होते. काही मला माहीत होतं, काही नव्हतं.

"म्हणजे गाडी माझ्या मापाची केलीस," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर पाहू लागले. पुढचा रस्ता कच्चा होता, उसाच्या बैलगाड्यांनी चाकोऱ्या पडलेल्या. गाडी एकदाही टेकली नाही.

मी आतली खोली झाडून त्यांना दिली. ते अकरा दिवस राहिले. सकाळी कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत जायचे, वजनकाट्यावर उभ्या असलेल्या उसाच्या गाड्यांची रांग बघायचे, परत येऊन पेपर वाचायचे. मी पाळीवर गेलो की घरात ते एकटेच. मी आलो की दमलेला असे. जेवताना ते रोज एकच प्रश्न विचारत, "आज कुणाकुणाशी बोललास?" पहिले दोन-तीन दिवस मी नावं सांगितली, प्रयोगशाळेतला मदतनीस, मुकादम, मेसचा आचारी. मग तीच नावं पुन्हा सांगावी लागली. एके दिवशी मी म्हणालो, "कुणाशी नाही." त्यांनी मला भात वाढला.

बाराव्या दिवशी सकाळची पाळी करून मी अडीचला आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या इंजिनिअरच्या पत्नी बाहेर आल्या आणि किल्ली दिली. "नाना दहाच्या एस.टी.नं गेले. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

आत अंथरूण घडी करून ठेवलं होतं, ताट-वाटी घासून पालथी घातली होती. चिठ्ठी नव्हती. दोन ठिकाणी गाडी बदलून ते कसे गेले असतील, हे डोळ्यांपुढे येत राहिलं. रागही आला. बराच वेळ मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होतो.

रविवारी पारनेरला निघालो. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हटकलं, "सायेब, गाडी एका अंगाला कलली हाय." मी माहीत आहे म्हणालो. वाटेत डोक्यात भांडणाची वाक्यं जुळवत होतो. पोचलो तेव्हा वडील ओट्यावर मटकी निवडत बसले होते. मला पाहून त्यांनी सूप थोडं सरकवलं. मी शेजारी बसलो. सुपातली मूठभर मटकी पुढ्यात ओढली.

"न सांगता का आलात, नाना?" शेवटी एवढंच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गाडी काढली असतीस. पाळी बुडवून." ते खडे वेचत राहिले. मग म्हणाले, "तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं. पण तिथं दिवसभर भोंग्याशिवाय आवाज नाही. इथं निदान कुणी पोरगं अडलेलं गणित घेऊन येतं. मी अकरा दिवस राहून घाबरलो. तू तिथं कसा राहतोस?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

"सवय झालीय," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटतं कधीकधी, तुझी आई गेल्यापासून," ते म्हणाले. आईचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर दोन वर्षांत पहिल्यांदाच केला. मग आम्ही मटकी निवडून संपवली. त्यांनी पिठलं केलं, मी भाकरी थापल्या. माझ्या भाकरी वेड्यावाकड्या झाल्या, त्यांनी खाल्ल्या. रात्री पाळीवर जायचं होतं, म्हणून चारलाच निघालो. ते कोपऱ्यापर्यंत आले.

पुढच्या वर्षी सगळीकडे दुष्काळ पडला. ऊस वाळला, गाळपाचा हंगाम लवकर आटोपला. माझ्या हाताला काम नव्हतं, तेव्हा मी सलग महिनाभर पारनेरला जाऊन राहिलो. फार बोलत होतो असं नाही. सकाळी टँकरची वाट बघत दोघं ओट्यावर बसायचो. पाणी भरून झालं की ते शाळेतल्या पोरांची गणितं तपासायचे आणि मी पेपर वाचायचो. महिना संपल्यावर कारखान्याचं पत्र आलं आणि मी परत गेलो.