आरोग्याचा तास आणि भेव

आम्ही जुन्या शिक्षिका कुणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठते, आमचे किस्से उठत नाहीत. अल्लीपूरच्या प्राथमिक शाळेत मी आरोग्याचा तास घ्यायची. मुलांची भीती घालवायची, हे आमचं काम. पण आठवतात ते सगळे किस्से भीतीचेच!

*

एकदा पटकीची लस टोचायला जीप आली. पोरं खिडक्यांकडे सरकली. हेडमास्तर वानखेडे गुरुजींनी बाही वर केली. "पाहा, काही नाई होत!"

सुई टोचली आणि गुरुजी धाडकन खाली!

"गुरुजी मेले!" कुणीतरी ओरडलं. शाळा रिकामी. गुरुजी पाणी मारल्यावर उठले. पोरं मात्र आम्ही संध्याकाळपर्यंत कपाशीच्या पऱ्हाटीत शोधत होतो.

*

मग मी जंतांचा तक्ता दाखवला. जंत आपलं अन्न खाऊन वाढतात, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या नामदेवची आई त्याला कडेवर घेऊन दारात उभी. पोराचं तोंड सुकलेलं.

"कालपासून घास नाई खाल्ला यानं. म्हणते, मी खाल्लं का ते जंत मोठे होतात! बाई, माया पोराच्या पोटात काय घातलं तुमी?"

*

पिसाळलेल्या कुत्र्याचा धडा झाला. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतात, हेही सांगितलं. चौथीतल्या विठ्ठलनं हात वर केला.

"बाई, कुत्रं चावल्यावर माणूस किती दिवसानं मरते?"

"कुणाला चावलं?"

"कोणालेच नाई. असंच इचारलं."

पण त्याचा हात पोटरीवर होता. पायजमा वर केला, तर दातांचे व्रण! तशीच त्याला घेऊन हिंगणघाटची एस.टी. पकडली. वाटभर त्यानं माझा पदर सोडला नाही. "बाई, मी मरतो काय?" एवढंच विचारत होता. मी नाही म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

वाचला! आता हायवेवरच्या जाम गावात त्याचं टायरचं दुकान आहे. ट्रकवाल्यांशी कडाकडा भांडतो. कुत्रं दिसलं की आत पळतो.

*

पुढे वर्ध्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं, मनाचंही आरोग्य शिकवा. मी तिसरीच्या वर्गाला डोळे मिटून शांत श्वास घ्यायला लावलं. सगळ्यांनी मिटले. एकटी शांता टक्क उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत होती. कधी चकार शब्द न बोलणारी पोर.

"काऊन गं शांता? मिट ना डोळे."

"सगळ्यायनं मिटले त दरवाजाकडे कोण पाहीन?"

मी हसले. "अगं, कुणी आलं तर आवाज येईल ना!"

"तो आवाज नाई करत, बाई."

माझं हसू तिथंच थांबलं. तीच मला समजावल्यासारखी हळूच म्हणाली, "तुमी मिटा डोये. मी आहो ना."

मी उठले. दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसले.

तेव्हा तिनं डोळे मिटले.