काढून टाकायचा आवाज

टेपरेकॉर्डरमधला आवाज आधी जाड झाला, मग ओढल्यासारखा लांबला आणि बंद पडला. झाकण उघडलं तर कॅसेटची तपकिरी फीत आतल्या चाकाला गुंडाळून बसलेली. 

त्या कॅसेटची दुसरी प्रत कुठेही नव्हती. माझे घरमालक काका तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांचे वडील कीर्तनकार होते, आणि त्यांचं एवढं एकच कीर्तन कुणा श्रोत्याने एका लग्नाच्या हॉलमध्ये टेप करून ठेवलेलं होतं. वडिलांची जन्मशताब्दी आली होती. शहरातल्या एग्मोर भागात एका हॉटेलात हॉल घेतला होता, तिथे ते कीर्तन सगळ्यांना ऐकवायचं होतं. “तू कंप्यूटरवाली आहेस मा, तूच कर,” म्हणून काकांनी कॅसेट माझ्या हातात दिली.

मी सिरुसेरीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आवाजाच्या कामाचं मला काही कळत नाही. पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेली मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. या तमिळ शहरात खोली शोधताना दारोदार एकच ऐकलं होतं, एकटी मुलगी नको. ट्रिप्लिकेनच्या या घराने मात्र मी मराठी बोलते एवढ्यावर गच्चीवरची खोली दिली. पहिल्या दिवशी आजींनी, म्हणजे काकांच्या आईने, मला सांबारभात वाढला आणि माझं ताट स्वतः उचललं. ते मी विसरणार नाही. आणि म्हणूनच मला या घराची फार भीती वाटायची. उपकार करणाऱ्याचा हिरमोड होईल ही भीती, आणि तो झाला तर खोली जाईल ही दुसरी.

तर ती फीत. मी खोलीच्या जमिनीवर बसून ती बोटांनी सोडवत होते आणि घामाने बोटं निसटत होती. दारात आजी उभ्या. त्यांना दिसू नये म्हणून मी पाठ वळवली.

“तुटली काय गे?”

“नाही आजी. अडकलीय थोडी.”

“ओढूं नको. शेवई काढल्यासारखी काढ.” त्या हळूच आत येऊन खाली बसल्या. “भ्यालीस?”

“हो.”

“सरि, बरंय. मग नीट करशील.”

फीत निघाली. एका जागी चुरगळली होती, पण तुटली नव्हती. पेन्सिल घालून मी ती परत गुंडाळली, टेपरेकॉर्डर वायरने लॅपटॉपला जोडला आणि पुन्हा सुरू केला. आजी उठल्या नाहीत.

कीर्तनकारांचा आवाज भरदार होता. भक्त नावेत बसलाय, नदीला पूर आलाय असं आख्यान चाललं होतं. मागे झांज वाजत होती. मध्येच ते थांबले. नावाडी वल्हं मारतो इथपर्यंत आले आणि पुढे काहीच नाही. तेवढ्यात झांजेच्या मागून एका बाईचा आवाज आला, अगदी खालून, दोनच शब्द, आणि लगेच त्यांनी ते उचलून पूर्वीपेक्षा जोरात म्हटले. मी आजींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

“तुमचा आवाज आहे?”

“झांज मी धरायची.”

“आणि शब्द?”

आजी दाराकडे बघून बोलल्या, जणू तिथे कुणी ऐकत होतं. कीर्तनकार आजोबांना पन्नाशीच्या आतच विसर पडायला लागला होता. घरात काय जेवलो ते आठवायचं नाही. कीर्तनाची आमंत्रणं तर येत होती आणि घर त्यावरच चालत होतं. मग आजींनी सगळी आख्यानं पाठ केली. वाचून नाही, त्यांना वाचता येत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून बरीचशी येतच होती, उरलेली रोज पहाटे त्यांच्याकडूनच म्हणवून घेतली. आणि झांज धरून मागे बसायला लागल्या.

“कुणाला कळलं नाही?”

“कळूं द्यायचं नव्हतंच की. त्यांना ऐकूं जायचं, पहिल्या रांगेला नाही. एकदा मोठ्यानें गेलं. घरीं आल्यावर ते बोलेनात माझ्याशीं, पुढचं कीर्तन येईतों.” त्या थोडं हसल्या. “रोज जाताना पोटांत गोळा. कुठें थांबतील ठाऊक नाही. काल जिथें थांबले तिथें आज थांबत नाहीत. मी त्यांची पाठ बघायची. मान अशी जरा डावीकडे गेली कीं समजायचं, आलं.”

टेप चालूच होता. पुढे दोनदा तसंच झालं. आणि शेवटाकडे ते बराच वेळ थांबले, तेव्हा मागच्या आवाजाने शब्द दिला, पुन्हा दिला, आणि शेवटी अख्खी ओवी स्वतः गायली, त्यांचा सूर मिळेपर्यंत. मी अंगावर काटा येऊन ऐकत होते. चाळिशीतल्या बाईचा तो आवाज स्वच्छ, सरळ, कुठेही न डगमगणारा होता. पोटातला गोळा त्यात शोधूनही सापडला नसता.

“हें सगळं काढ,” आजी म्हणाल्या. “माझं तेवढं.”

“का आजी? किती सुंदर आहे.”

“काढ गे. लोकांना कळेल.” त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता. आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली होती, तरी त्या त्यांना घाबरत होत्या. की त्यांच्यासाठी घाबरत होत्या, ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

संध्याकाळी काकांनी खाली बसून ऐकलं. पहिल्याच जागी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“अम्माला मध्येमध्ये बोलायची सवयच होती. आप्पा किती रागवायचे! ते डिस्टर्बन्स काढून टाक, मा. पंख्याची घरघर आहे, तीपण काढ.”

मी आजींकडे पाहिलं. त्या वाती वळत होत्या, मान वर केली नाही. काकांना वडिलांच्या विसराची कल्पनाच नव्हती. इतकं नीट लपवलं होतं आजींनी, की पोटच्या मुलालाही आईची ती नुसती खोड वाटली होती. दोघंही तेच मागत होते. मी कोण मध्ये बोलणारी? गच्चीवर जाऊन पंख्याची घरघर काढली, कुणाचा खोकला काढला, आणि त्या जागांवर आजींचा आवाज सॉफ्टवेअरने झांजेपासून वेगळा करून शून्यावर आणला. झांज मात्र काकांना हवी होती, ती ठेवली. मूळ ध्वनिमुद्रण पुसायला बोट धजेना, म्हणून ते वेगळं राहिलं.

कार्यक्रमाचा दिवस आला. हॉल भरला होता. रेशमी साड्या, कॉफीचा वास, तमिळ आणि त्यांची ती जुनी मराठी एकमेकींत मिसळलेली. व्यासपीठावर हार घातलेला फोटो होता, शेजारी काका. बाजूच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मी. आजी पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या.

काकांनी खूण केली. मी बटण दाबलं.

भरदार आवाज हॉलभर पसरला. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. नदीला पूर आला, नावाडी वल्हं मारू लागला, आणि आजोबा थांबले. मी कापलेली जागा. नुसती झांज, तीही हळू होत चाललेली.

“नाव तीरीं!”

पहिल्या रांगेतून, खणखणीत. टेपमधल्या आवाजापेक्षा कितीतरी मोठ्यानं. आजींना स्वतःला थांबवताच आलं नाही. पुढच्या क्षणी आजोबांनी ते शब्द उचलले आणि हॉलमध्ये हशा पिकला.

“पाटी अजून ड्यूटीवर आहे!” मागून एक तरुण मुलगा तमिळमध्ये म्हणाला; पाटी म्हणजे आजी. आणखी हसले. काकाही हात जोडून, माफ करा अशा अर्थाने हसले.

आजी हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून त्या फोटोकडे बघत होत्या. इतकं घाबरलेलं म्हातारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढच्या दोन जागा आल्या, गेल्या. प्रत्येक वेळी हॉलमध्ये शांतता पडली आणि आजींचे खांदे वर गेले, पण तोंडावरचा हात त्यांनी काढला नाही. लोक चुळबुळ करू लागले. कुणीतरी म्हणालं, “टेप खराब आहे वाटतं.”

आता शेवटची, लांब जागा येणार होती. तिथे मी अख्खी ओवी कापली होती. एवढी शांतता पडली की आजोबांचं थांबणं सगळ्यांना कळणार, किंवा आजी पुन्हा ओरडणार आणि लोक पुन्हा हसणार. जे लपवायला मी कात्री लावली तेच उघडं पडणार होतं.  काका बघत होते. खोली आठवली, सांबारभात आठवला, नवी खोली शोधत फिरणं आठवलं. मूळ ध्वनिमुद्रण लॅपटॉपमध्ये उघडंच होतं. धीर वगैरे काही आला नाही. आजींच्या तोंडावरचा तो हात मला बघवेना, एवढंच.

मी ते न कापलेलं ध्वनिमुद्रण लावलं. पंख्याची घरघर एकदम हॉलमध्ये आली, कुणाचा खोकला आला. आजोबा थांबले. मागून शब्द आला, पुन्हा आला, आणि मग ती ओवी सुरू झाली.

हसणं नाही, बोलणं नाही. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकवून उभे राहिले आणि शेजारच्यांना विचारू लागले, “कोण ही? कोण गात आहे?” काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आजींचा हात तोंडावरून मांडीवर आला होता आणि बोटं ताल धरत होती. त्या आता फोटोकडे बघत नव्हत्या. मान एका बाजूला करून आजोबा कधी सूर धरतात त्याची वाट पाहत होत्या. त्यांनी धरला तेव्हा आजींची बोटं थांबली.

 घरापाशी उतरल्यावर फाटकात काकांनी विचारलं, “अम्मा, आप्पा विसरत होते?”

“घसा बसायचा त्यांचा,” आजी म्हणाल्या.

काका माझ्याकडे वळले. “तू पुष्कळदां ऐकलंस. घसा होता का?”

आजी माझ्याकडे बघत होत्या. 

“घशाचं मला कळत नाही, काका. आवाज आजींचा होता, एवढं माहीत आहे.”

त्यांनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, “सरि,” आणि आईचा हात धरून तिला पायरी चढवली. मी जिन्याने वर गेले आणि कपडे न बदलताच पलंगावर बसून राहिले. खोली सोड म्हणायला आता हाक येईल, आता येईल.

हाक दुसऱ्या दिवशी सकाळी आली. काका गच्चीच्या दारात उभे होते, हातात पेन ड्राइव्ह. “न कापलेलं दे मला. पंख्यासकट.”

मी दिलं. खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. जिना उतरता उतरता मात्र ते थांबले. “अम्माला अजून सगळं येतं का ग, पाठ?”

“विचारा ना तुम्हीच.”

“मला भीती वाटते,” काका म्हणाले, आणि खाली गेले.