तिकीटखिडकीतल्या वहिनी

अख्खं गाव तिला वहिनी म्हणायचं. जो तिचा सख्खा दीर होता, तो मात्र अठरा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

तिचा नवरा गावच्या स्टेशनवर सांधेवाला होता. ओंडक्यांनी भरलेले डबे जोडताना मधे सापडला नि गेला. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. ती आपलीच, असं दिरानं धरून ठेवलं होतं. ती म्हणाली, "माझ्या पदरात दोन मुली आहेत. मी करते." तो तडक उठून गेला आणि लाकडाच्या गिरणीत करवतीवर लागला. तिला तिकीटखिडकी मिळाली; तिकीट हवं असलं, तर तो दुसऱ्या कुणाला पाठवायचा.

वेळापत्रक कसं वाचायचं ते स्टेशनमास्तरांनी तिला शिकवलं. खिडकी उंच, म्हणून पायाखाली फळी ठेवून ती उभी राहायची. गिरण्यांचा भुसा उडून यायचा; दिवसातून तीनदा पुसलं तरी बोटांना लागायचाच.

पुढे डोंगर बोडके झाले आणि गिरण्या एकेक करत बंद पडल्या. माणसं बिऱ्हाड बांधून खिडकीशी यायला लागली. "परतीचं देऊ?" ती सवयीनं विचारायची. मग विचारणंच सोडलं. गाव रिकामं व्हायला आपलाही हातभार लागतोय, असं तिला वाटत राही.

गाडी बंद व्हायच्या आठवड्यात खिडकीतून एक हात आत आला. दोन बोटं करवतीनं नेलेली. दीर होता.

"जंक्शनचं एक द्या."

"तिथं कोण आहे तुमचं, भावोजी?"

"कुणी नाही. इथं तरी कोण आहे?"

"मी काय मेलेय?"

त्यानं पैसे पुढे सरकवले. मग म्हणाला, "नोकरी तुम्ही निभावलीत, वहिनी. मला नसती जमली."

"बरंच लवकर कळलं हो," ती म्हणाली. हसायला गेली, पण डोळे भरून आले.

तिनं आत बोलावून त्याला चहा दिला. तो प्यायला, आणि तरीही गेलाच, हट्टी माणूस.

तिची बदलीही जंक्शनलाच झाली होती. मुली लग्न होऊन गेलेल्या, नोकरीची गरज उरली नव्हती; ती बदली नाकारून राजीनामा देणार होती. पण दीर गेला त्या दुपारी तिनं बदलीच्या कागदावर सही केली. स्टेशनला कुलूप लागलं. वर्षभरात रूळही उपटून नेले.

तिचा निरोप मिळाल्यावर जंक्शनला तिची ट्रंक उतरवून घ्यायला दीर उभा होता. आता दोघं एकाच गल्लीत राहतात. रविवारी तो तिच्याकडे जेवतो, मीठ कमी म्हणून कुरकुरतो, आणि मग दोघं त्या गेलेल्या माणसाबद्दल बोलत बसतात. इतकी वर्षं ते दुःख दोघांनी वेगवेगळ्या घरांत एकेकट्यानं सोसलं होतं.