वरच्या दोन फळ्या

बापा लेन्सी, म्हणजे लेन्सीचा बाप, सोळा वर्षं त्याच दलदलीच्या रानात झाडं मोजत होता. त्याचं नाव दिनान. पण लेक झाल्यापासून ते वनखात्याच्या ऑफिसच्या कागदावरच उरलं होतं. नंबराचे पत्रे ठोकलेली सहाशे बारा झाडं, दरवर्षी प्रत्येकाचा घेर घ्यायचा. शिवाय जमिनीत रोवलेल्या नळ्यांत पाणी किती खाली गेलंय ते बघायचं. तिथली माती म्हणजे नुसता कुजलेला पाला. ओली तोवर माती, वाळली की सरपण. उपग्रहाला वरून हिरवं रान दिसतं, पायाखालचं दिसत नाही, म्हणून हा म्हातारा चिखल तुडवत होता. गुडघे गेले, कंबर गेली, चिखल काही संपेना.

लाकूडवाल्यांनी खणलेल्या कालव्यातून रानाचं पाणी वाहून जायचं, म्हणून त्यावर फळ्यांचा बांध घातला होता. बापा लेन्सीची थोरली बहीण, गावाची 'कार्लोची आई', त्याच कालव्यानं होडीतून रबराच्या बागेत जायची. पावसाळ्यात एकदा ती बांधाशी अडून बसली.

"होडी डोक्यावर घेऊ का रे? झाडांना पाणी आणि बहिणीला ठेंगा!"

"ताई, बांधाला हात लावायचा नसतो गं."

"मग मला उचलून पलीकडे ठेव."

काय करतो बिचारा! वरच्या दोन फळ्या त्यानंच काढल्या. "परतताना लाव हं," म्हणाला. तिनं लावल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यानं ते पाहिलंही. पण गळ्याएवढ्या पाण्यात उतरायचं त्राण नव्हतं. उद्या लावू म्हणाला. उद्या-उद्या करता करता कोरडे महिने आले, नळीतलं पाणी दीड हात खाली गेलं आणि जमिनीखालून आग आली.

ऑफिसात त्याच्या वरिष्ठ रातिहबाईंनी उपग्रहाचं चित्र उघडलं. आगीचा लाल डाग बांधापासून निघून थेट त्याच्या झाडांवर पसरला होता.

"बापा, बांध कुणी उघडला? होडीवाल्यांची नावं द्या. होड्या जप्त होतील, पण इलाज नाही."

बहिणीची होडी गेली तर तिची चूलच बंद. त्यानं चुरगाळलेली टोपी टेबलावर ठेवली.

"मी उघडला," तो म्हणाला.

"कुणाला वाचवताय?"

"कुणाला नाही. माझ्याच हातानं फळ्या काढल्या आणि परत लावायचा कंटाळा केला. दिनान असं लिहा."

बाईंनी लिहिलं. आता घरी बसा म्हणतील, सुटलो एकदाचा, असंच त्याला वाटलं.

"सोमवारी या," बाई म्हणाल्या. "सगळी झाडं मोजायचीत."

"मेली हो ती, बाई!"

"मेलेलीही मोजावी लागतात. किती गेलं ते कळायला नको? आणि तुमच्याशिवाय ती सापडणार कुणाला?"

सोमवारी तो गेला. आगीनं मुळं खाल्लेली झाडं एकमेकांवर आडवी पडली होती. पहिल्याच खोडाला त्यानं टेप गुंडाळला, आकडा वाचला, मग जुनी वही उघडून गेल्या वर्षीचा पाहिला आणि टेप पुन्हा वाचला. पडण्याआधी झाड या वर्षी अर्ध्या बोटानं वाढलं होतं.