कैसरच्या खंजिराला हळदकुंकू

"काकू, हे कशानं घासलंत?"

"चिंचेनं. मग जरा रांगोळी घेतली. किती कळकट होतं ते."

शेजारी प्रभाकरकाका डोकं धरून बसले होते.

मी अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये अप्रेझर आहे. जुनी शस्त्रं खरी की खोटी ते तपासून रिपोर्ट देणं, हे माझं काम. काका रिटायर्ड डेंटिस्ट. त्यांना जर्मन सम्राट कैसरच्या काळातल्या नौदल अधिकाऱ्यांच्या खंजिरांचं वेड. हे खंजीर लढायचे नव्हेत, समारंभात कमरेला लावून मिरवायचे. काकांकडे असे दोन होते. ते एका अमेरिकन कलेक्टरला देऊन त्याचा हस्तिदंती मुठीचा खंजीर घ्यायचा, असा सौदा ठरत होता. तो तिसरा खंजीर तपासणीसाठी घरी आला होता. मी पोचायच्या आधी दसरा पोचला. काकूंनी तिन्ही खंजीर घासले, हळदकुंकू लावलं आणि लॅपटॉपशेजारी मांडून पुजले.

जुन्या धातूवर काळपट थर चढतो, त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. कलेक्टर त्याला जिवापाड जपतात. इथे तिन्ही खंजीर तांब्याभांड्यासारखे लखलखत होते. मला रडू यायचंच बाकी होतं.

"दुसऱ्याची वस्तू आहे गं," काका म्हणाले. "घासून ठेवली म्हणजे आता घ्यावीच लागणार. माझे दोन्ही जाणार, आणि हातात काय, तर हे."

मी बॉसला फोन लावला. "क्लायंटच्या मिसेसनी टॅमरिंड लावलंय."

"ते सॉल्व्हंट आहे का?"

"आम्ही आमटीत घालतो."

बॉसबाई म्हणाल्या, "फोटो काढ."

फोटोसाठी मी तिसरा खंजीर फिरवला आणि थांबले. पांढऱ्या मुठीच्या कडेनं वरपासून खालपर्यंत एक सरळ पिवळी रेघ होती. भिंग लावलं. रेघेत हळद बसली होती.

हस्तिदंत कोरतात, त्याला जोड नसतो. प्लास्टिक साच्यात ओततात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक रेघ राहते. ही रेघ जुनेपणाचा आव आणायला फासलेल्या रंगाखाली दडली होती. चिंचेनं रंग काढला, बाकीचं हळदीनं केलं.

"काका, सौदा कॅन्सल करा. मूठ प्लास्टिकची आहे."

काकांनी आपले दोन्ही खंजीर उचलून पोटाशी धरले. काकू चहा घेऊन आल्या होत्या.

"जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलात," त्या म्हणाल्या, "आणि एक खोटा दात ओळखता आला नाही?"

कलेक्टर खंजीर निमूट परत घेऊन गेला. घासल्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. काकांच्या दोन्ही खंजिरांची पॅटिना मात्र गेली ती गेलीच. रिपोर्टमध्ये तपासणीची पद्धत लिहावी लागते. मी 'सरफेस कॉन्ट्रास्ट टेस्ट' असं लिहिलं. बॉसना ती फार आवडली आणि त्यांनी तिचं किट मागवायला सांगितलंय.

मी यातून एवढंच शिकले, की मराठी घरी तपासणीला जायचं तर दसऱ्याच्या आधी तरी जावं, नाहीतर निवांत नंतर जावं. तोवर निम्मं काम झालेलं असतं.