साहेबांच्या आईसाठी काढलेला नकाशा

मी इंग्लंडला कधी गेलेलो नाही. पण लंडनच्या दक्षिणेला, आगगाडीने पाऊण तासावर, एक छोटंसं उपनगर आहे. तिथल्या स्टेशनवर मला उतरवलं, तर कोणालाही न विचारता मी चर्चपर्यंत चालत जाईन. जिना उतरून डावीकडे वळायचं, उजव्या हाताला पेपरवाला, पुढे बँक, आणि कोपऱ्यावर बेकरी. बेकरीचं दार रस्त्याकडे नाही, कोपऱ्याच्या तिरक्या भिंतीत आहे. त्या दारापायी माझा एक अख्खा कागद वाया गेला, म्हणून पक्कं लक्षात राहिलंय.

हे सगळं मी शिकलो ते कतारमध्ये, मेसईदच्या एका ड्रॉइंग ऑफिसात. नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी मूळचा सिन्नरचा, नाशिकच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेला. कतारमध्ये तेव्हा मला सहा-सात वर्षं झाली होती. आम्ही नवरा-बायको दोह्यात अल थुमामाला एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. भल्या सकाळी कंपनीची बस, तासाभरात मेसईद, टेबलावर चहा आणि समोर कॉम्प्युटर. कारखान्यात जे जे बांधलं, हलवलं, पाडलं जाई, ते ड्रॉइंगवर चढवायचं हे माझं काम. नियम सरळ होते. जे आहे ते अखंड रेघेत, जे पाडलं ते तुटक रेघेत. मी येण्याआधी एकदा जमिनीखालची एक केबल कागदावर दाखवायची राहून गेली होती. खोदकामाच्या मशीनचा दात तिला लागला आणि मशीनवरच्या माणसाचे दोन्ही हात भाजले. माणूस वाचला. ते ड्रॉइंग मात्र आमच्या साहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवलं होतं, येता-जाता दिसावं म्हणून.

साहेब इंग्रज, साठीला टेकलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. रेघ चुकली की त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल व्हायचा, पण आवाज कधी चढला नाही. चुकीच्या रेघेचा मलाही तितकाच राग, त्यामुळे आमचं जमायचं. इतर ड्राफ्ट्समन मला पाठीमागे ‘छोटे साहेब’ म्हणायचे. ते कौतुक नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “तुम्हाला हाताने नकाशा काढता येतो ना अजून? शाईने?”

मला बरं वाटलं. कॉम्प्युटर आल्यापासून माझी पेनं खणात पडून होती. “काय काढायचंय सर?”

“माझं गाव,” ते म्हणाले.

त्यांची आई पंचाऐंशीच्या घरात होती आणि त्या गावात, ज्या घरात साहेब जन्मले त्याच घरात, एकटी राहत होती. गेल्या वर्षापासून तिला विसरायला होत होतं. गॅस चालू राहायचा. एकदा भर दुपारी ती झोपायच्या कपड्यांत बस स्टॉपवर उभी राहिलेली शेजाऱ्यांना सापडली. तेव्हा साहेबांनी तिला दुसऱ्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं. घर विकायला काढलं, गिऱ्हाईकही मिळालं. पण आईला सांगितलं ते एवढंच की थोडे आठवडे तिकडे राहा, बरं वाटेल. घर विकलंय हे सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती. महिन्याभराने ते रजेवर जाऊन तिला पोचवून येणार होते. आश्रमातल्या बाईंनी सुचवलं होतं की ओळखीचं काहीतरी भिंतीवर लावा, माणूस लवकर रुळतं. आई तिथे रुळेल की नाही, याचाच साहेबांना घोर लागला होता. ती घाबरून रडत बसली तर इकडे तीन हजार मैलांवर ते काय करणार होते?

मी हो म्हटलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत आमचा वर्ग भरू लागला. साहेब सँडविचचा डबा घेऊन यायचे आणि “यल्ला, कुठपर्यंत आलो होतो आपण?” म्हणून सुरू करायचे; यल्ला म्हणजे अरबीत ‘चला’. ते सांगायचे, मी जुन्या प्रिंटच्या पाठीवर कच्चं काढायचो. गाव आधी नुसतं खेडं होतं. एक चर्च, एक ओढा, आणि लंडनला जाणाऱ्या घोडागाड्या थांबायच्या ती दारूही मिळणारी खानावळ. साहेब त्या ओढ्याला नदी म्हणायचे. मी रुंदी विचारली तर म्हणाले, लहानपणी आम्ही उडी मारून पलीकडे जायचो. मी मनात म्हटलं, वा रे नदी. मग रेल्वे आली आणि लंडनचे कारकून राहायला आले. त्यांच्यासाठी चाळीसारखी एकाला एक चिकटलेली घरं उठली, पण प्रत्येकाला मागे आपली बाग. साहेबांचं घर त्यातलंच, कोपऱ्यावरचं. पुढे थेटर झालं. चौकात युद्धात मेलेल्यांची नावं कोरलेला दगडी खांब उभा राहिला, आणि त्यासाठी घोड्यांना पाणी पाजायचा हौद तिथून हलवून खानावळीच्या अंगणात नेला. दुसऱ्या युद्धात बॉम्ब पडला तो लाँड्रीवर. साहेब तेव्हा अगदी तान्हे. पण आई सांगायची म्हणे, दुसऱ्या दिवशी झाडांवर लोकांच्या चादरी लटकत होत्या.

मला अंतरं हवी असायची आणि साहेबांकडे असायच्या आठवणी. शाळेपासून थेटर किती? “पळत गेलं तर धाप लागायची नाही इतकं.” आता याला स्केल काय लावणार, कपाळ! शेवटी त्यांनी दर रविवारी आईला फोन करून विचारायला सुरुवात केली. आणि गंमत अशी, की सकाळी चहा घेतला की नाही हे जिला सांगता येत नव्हतं, ती बाई स्टेशनपासून बेकरीपर्यंतची दुकानं पाठोपाठ, त्यांच्या रंगांसकट सांगायची. बेकरीच्या दाराची चूक तिनेच पकडली. साहेब साठ वर्षं ते दार रस्त्याकडे समजत होते.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी जेवायच्या टेबलावर कागद पसरून बसायचो. बायको भाजी निवडत विचारायची, “आज कुठवर पोचलात? देवळापाशी की दारूच्या दुकानापाशी?”

“त्या खानावळीला तीनशे वर्षांचा इतिहास आहे,” मी सांगायचो.

“असेल. आणि आपल्या घरी यायला पाहुण्यांना काय सांगायचं? पेट्रोल पंपाच्या पुढे, पाडलेल्या भिंतीपाशी वळा. परवा ती भिंतही उचलून नेली. पाहुणे फिरताहेत अजून.”

ते खरंच होतं. दोह्यात तेव्हा सगळी खुणांवर चालणारी वाट, आणि खुणा सहा महिने टिकत नव्हत्या. मी जगाच्या दुसऱ्या टोकाचा पाण्याचा हौद इंचाइंचाने जागेवर बसवत होतो, आणि माझ्या घरचा पत्ता मला धड सांगता येत नव्हता.

तीन आठवड्यांत नकाशा झाला. आजवर केलेल्या कामांत मला तो सगळ्यात आवडला होता, हे सांगायला लाजायचं कारण नाही. चर्चच्या घंटेचा मनोरा, फाटक, चिंचोळ्या बागा, सगळं. साहेबांसमोर मी तो उलगडला तेव्हा ते वाकून बघत राहिले. बोट स्टेशनवरून निघालं, बेकरीपाशी आलं, चौक ओलांडला आणि थांबलं.

“हे काय?”

“थेटर, सर. पाडून तिथे सुपरमार्केट झालं असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून तुटक.”

थेटर तुटक, लाँड्री तुटक, हौदाची जुनी जागा तुटक, साहेबांची शाळा तुटक. अर्धं गाव तुटक रेघेत होतं. साहेबांचा चेहरा लाल झाला नाही, पांढरा पडला.

“सगळं अखंड करा.”

“सर, जे नाही ते आहे असं दाखवायचं?”

“हो.”

माझंही डोकं फिरलं. मी भिंतीवरच्या त्या ड्रॉइंगकडे बोट केलं. म्हणालो, “तुम्हीच तर ते लावलंत.”

“या नकाशावरून कोणी खणणार नाहीये,” साहेब सावकाश म्हणाले. “ती हे बघेल आणि विचारेल, थेटर कुठे गेलं? शाळा कुठे गेली? आणि मग विचारेल, आपलं घर कुठे आहे. मी काय सांगू?”

मला ते पटलं नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, आपली बाजू जरा तिखटमीठ लावूनच. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरोबर आहे तुमचं.

“अहो, त्या म्हाताऱ्या बाईला काय त्यावर पूल बांधायचाय?” ती म्हणाली. “घाला की रेघ. आजारी माणसाला कोणी हिशेब शिकवतं का?”

“खोटं ते खोटंच.”

“हो का? लग्न ठरल्यावर मला पत्रात काय लिहिलं होतंत? घरासमोर समुद्र आहे. मी आले तर समोर वाळूचे ढिगारे आणि सिमेंटच्या गोण्या. समुद्र टॅक्सीने अर्ध्या तासावर. तेव्हा कुठे गेली होती तुमची तुटक रेघ?”

मी नवा कागद घेतला. चार दिवस बसून गाव पुन्हा काढलं, सगळं अखंड. लाँड्री उभी केली, शाळेला घंटा दिली, थेटरवर पाटी चढवली. हात चालत होता, पण मन कुरकुरत होतं. साहेबांना गुंडाळी दिली तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एवढ्या वर्षांत प्रथमच. मला माझीच थोडी शरम वाटली की आपण उगाच एवढं ताणलं.

ते गेले आणि अडीच आठवड्यांनी परत आले. मी सकाळपासून वाट बघत होतो. अकराच्या सुमारास ते आले, आणि मी विचारायच्या आतच म्हणाले, “तिला आवडला. पलंगासमोरच लावलाय. पहिले दोन दिवस नुसती बोटाने फिरत होती. रडली नाही अजिबात.”

“मग छानच की सर.”

“तिसऱ्या दिवशी तिने पेन्सिल मागितली.”

साहेबांनी खुर्ची ओढली. आईने पेन्सिल घेतली आणि नकाशा तपासायला बसली. थेटरवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘पाडलं’. लाँड्रीवर लिहिलं, ‘बॉम्ब’. शाळेवर, पेपरवाल्यावर, सगळीकडे. एकही सुटलं नाही. साहेबांनी सांगितलं की पेपरवाल्याचं दुकान बंद झाल्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर हे ऐकून माझी छाती फुगली. बघा, मी म्हणत नव्हतो? मी तोंड उघडणार इतक्यात साहेबांकडे लक्ष गेलं आणि ते शब्द तिथेच राहिले.

“मी शेजारी बसलो होतो,” ते म्हणाले. “ती रस्त्याने एकेक घर करत आमच्या घराकडे येत होती. मला वाटलं, पेन्सिल काढून घ्यावी. कॉफी सांडावी. काहीतरी करावं.”

ती कोपऱ्यावरच्या घरापाशी पोचली आणि थांबली. घरावर तिने काहीच लिहिलं नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, ज्यांनी घेतलं, त्यांना मुलं आहेत का?

“मी सांगितलं, दोन आहेत,” साहेब म्हणाले. “ती म्हणाली, मग बागेच्या फाटकाची कडी त्यांना दाखव, लहान बोटं चिमटतात तिच्यात.”

“घर विकल्याचं त्यांना कळलं कसं?” मी विचारलं.

“तीन महिन्यांपूर्वी लोक घर बघायला आले होते. मी एजंटला सांगितलं होतं की तिला गॅसची तपासणी म्हणून सांगा. ती म्हणाली, गॅसवाले कधी नवरा-बायको जोडीने येतात का? वरच्या खोलीत पाळणा कुठे बसेल ते बघतात का?”

साहेब हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही. मला आता बरोबर ठरल्याचा काडीचाही आनंद उरला नव्हता. मी विचारलं, “मग त्या इतके दिवस बोलल्या का नाहीत?”

“तेच विचारलं मी,” साहेब म्हणाले. “ती म्हणाली, मी रोज वाट बघत होते. मला वाटलं, आज तरी तू सांगशील.”