बांबूच्या बुडख्यातलं पाणी

वहिनीला ताप आला तेव्हा तिला आठवा महिना होता. दुसरं बाळंतपण, म्हणून ती माहेरी न जाता वेल्ह्याकडच्या आमच्या घरीच होती. नसरापूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर डेंगी निघाला. दादा तिच्याजवळ थांबला. मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, घरी परतलो.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. विषय प्राणीशास्त्र. आल्या आल्या मी पिंप उपडं केलं, रांजण घासला, गुरांची डोण कोरडी केली. अळी कुठंच दिसली नाही. शेजारची चुलती दारातनं बघत होती.

"एवढी शिकली, न् डासं मारतीय!"

"काकी, तुमचंबी पिंप दावा."

हसली, पण दाखवलं. त्यातही अळी नव्हती. आणि भरदिवसा ते डेंगीचे काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले डास चावतच होते. एवढ्यात दादाचा फोन. रक्तातल्या पेशी अजून उतरल्या होत्या. बाळाचं विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर काय नीट बोलंना." हातातला खराटा तसाच राहिला.

वहिनी दुपारची कुठं बसायची, ते तेव्हा आठवलं. गोठ्यामागं, बांबूच्या बेटाच्या सावलीत, सुपात तांदूळ निवडत. तिथं गेले. आबांनी काकडीच्या मांडवासाठी बांबू तोडले होते. बेट दाट, वाकायला जागा नाही. म्हणून आमच्याकडं कोयता पेराच्या गाठीपासून वीतभर वरच बसतो. गाठीला आतून पडदा, त्यामुळं खाली उरतो तो पेलाच. पावसानं भरतो. एका बुडख्यात काडी घातली. आत अळ्या वळवळत होत्या. पुढच्यातही.

आबांना हाक मारली. "आबा, आपण घरात हुडकत बसलो. ह्यांचं मूळ घर हेच. झाडाची ढोली, बांबूचं बुड."

"आमच्या बापानंबी असंच तोडलं," ते म्हणाले. मग वाकून आत बघितलं. "सूनबाई हितंच बसायची की गं."

त्यांनी कोयता आणला. गुडघे टेकून गाठीला लागून बुडखे छाटायला लागले. कोयता पोचत नव्हता तिथं मी माती ठासली. फोन कमरेला खोचला होता. तो वाजू नये असंही वाटत होतं, आणि वाजावा असंही.

पेशी चढल्या तशी वहिनी घरी आली. बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसाही ती मच्छरदाणीत. बाहेर पुन्हा सर येऊन गेली, आणि माझी नजर बांधापलीकडं गेली. चुलतीचं बेट, त्यातही असेच वीतभर बुडखे. त्याच्यामागं सगळा डोंगरउतार बांबूचाच.

"हलतंय का?"

"हलतंय, वन्सं. किती येळा इचारताल? सूप द्या हितं, रिकाम्या हातानं बसवंना."

सूप मच्छरदाणीत सरकवलं, मातीची पाटी उचलली आणि चुलतीला हाक मारत बांध ओलांडला.